दोन पुस्तकांच्या मधली वही



बरेच दिवसांत इकडे फिरकले नाही. लोणावळ्याचा पावसाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना कारण सांगायला नको. चार महिने कपडे वाळत नाहीत, पापड सादळतात आणि माणूसही जरा सादळल्यासारखाच होतो. असो.

आज लिहायला बसले त्याला निमित्त घडलं गेल्या रविवारी. पुतण्याचा एक मित्र घरी आला होता. मुलगा चांगला आहे, पुण्यात नोकरी करतो, शनिवार-रविवार पवनेच्या काठी तंबू ठोकून राहतो. त्याला आता तंबूऐवजी गाडी हवी आहे. झोपायची, चहा करायची, आमच्यासारखी. कुणीतरी त्याला एक जुनी मॅटाडोर दाखवली आहे, इंजिन बदललेली. तो ह्यांचा सल्ला घ्यायला आला होता. "इंजिन मर्सिडीजचं आहे म्हणे काकू, मग काळजी नाही ना?"

हे उत्तर द्यायच्या आधी मीच विचारलं, "वही आहे का गाडीबरोबर?"

तो माझ्याकडे बघत राहिला. आरसी बुक आहे, विमा आहे, पीयूसी आहे, पण वही म्हणजे काय? हे गालात हसत होते. त्यांना ठाऊक आहे माझं वेड. पण ते वेड नाही, ते माझं ठाम मत आहे, आणि ते इथे नीट मांडायचं बरेच दिवस मनात होतं.

नातेवाईक मंडळींना आमची घरगाडी माहीत आहेच (निम्म्या जणांना तिने कधी ना कधी ओकारी आणलेली आहे!). पण ब्लॉगवरच्या बाकीच्यांसाठी थोडं सांगते. गाडी १९८४ सालची मॅटाडोर, आकुर्डीत तयार झालेली, म्हणजे आमच्या मावळाच्या उंबऱ्यावरचीच. आजच्या मुलांना मॅटाडोर म्हणजे काय हेच माहीत नाही. आमच्या वेळी शाळेची मुलं, लग्नाचं वऱ्हाड, बँडवाले, भाजी, दूध, सगळं मॅटाडोरमधून जायचं. फिरोदियांची बजाज टेम्पो कंपनी १९५८ सालची, तिचं नाव २००५ पासून फोर्स मोटर्स झालं. गाडीचा मूळ आराखडा मात्र जर्मन, हॅम्बुर्गमधल्या हारबुर्गच्या टेम्पो कारखान्याचा. 'टेम्पो' हे तिथल्या कंपनीचं नाव आपण इतकं आपलं केलं, की कुठलीही छोटी मालगाडी दिसली की तो टेम्पोच.

हे बँकेत होते, पण जीव सगळा पान्यात. कर्ज काढून ही गाडी जुनी घेतली, मागचे बाक काढून दोन बाजूंना फळ्यांचे ओटे केले, त्याखाली डबे, मागच्या दाराशी स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप. तेव्हा 'कॅम्पर' हा शब्द आम्ही ऐकलाही नव्हता. राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं ते २०२१ साली. म्हणजे आम्ही धोरणाच्या बरेच आधी निघालो!

१९९६ साली तिचं मूळ इंजिन थकलं. धूर, तेल पिणं, खंडाळ्याच्या चढावर पायी चालणारी माणसं पुढे जायची. मग तळेगावच्या एका मिस्त्रींनी ओएम ६१६ बसवलं. हे चार सिलिंडरचं, २.४ लिटरचं मर्सिडीजच्या घराण्यातलं डिझेल इंजिन. बजाज टेम्पोने १९८२ साली डाइम्लर-बेंझशी त्यासाठी करार केला होता आणि ट्रॅक्समध्ये, ट्रॅव्हलरमध्ये ते येत होतं. अपघातात गेलेल्या एका ट्रॅक्सचं इंजिन ह्यांनी मिळवलं. गंमत अशी, की जर्मनीतसुद्धा मॅटाडोरच्या ह्याच भावंडांना १९७०च्या सुमारास मर्सिडीजचं इंजिन बसवलं गेलं होतं, ह्याच कुळातलं, थोडं लहान. तेव्हा पाहुणी अगदीच परक्या घरातून आली नव्हती.

इंजिन उत्तम आहे. त्याच्याबद्दल माझी एका अक्षराची तक्रार नाही. वेळच्या वेळी तेल बदला, डिझेल फिल्टरमधलं पाणी काढा, थंड इंजिनावर टॅपेट तपासा, आत येणाऱ्या व्हॉल्व्हला ०.१० आणि बाहेरच्याला ०.३० मिलिमीटर. बस. हे सगळं त्याच्या पुस्तकात आहे. आणि मॅटाडोरचं ग्रीसिंग, ब्रेकचे चामडी-रबरी वॉशर, पुढच्या चाकांचे अॅक्सल हे सगळं मॅटाडोरच्या पुस्तकात आहे.

मग बिघडतं कुठे? ह्या दोन पुस्तकांच्या मधे.

हे मला कळलं २०११च्या ऑक्टोबरात. आम्ही सहा जण अलिबागला निघालो होतो. एक्सप्रेसवे २००२ सालीच पूर्ण झाला होता, पण ह्यांना जुना घाटच आवडतो. लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत रस्ता जवळजवळ साडेपाचशे मीटर खाली उतरतो. अमृतांजन पूल (तो २०२० साली पाडला) मागे पडला, आणि पुढच्या वळणाला हे म्हणाले, "ब्रेक दगड झाला."

आवाज अगदी साधा होता, म्हणून मला आधी कळलंच नाही. मग बघितलं तर हे सीटवरून जवळजवळ उभे राहून पॅडल दाबत होते. गाडी थांबत नव्हती असं नाही, पण जिथे बोटभर दाबलं की भागत होतं तिथे सगळं अंग टाकावं लागत होतं. दुसरा गिअर टाकला, इंजिन किंचाळायला लागलं, हँडब्रेक थोडा थोडा ओढत शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी कडेला लागली. मागे नातवंडं खिदळत होती, त्यांना पत्ता नव्हता. मी खाली उतरले आणि नाणं टाकायच्या ऐवजी पाकिटातली होती नव्हती ती चिल्लर सगळी देवापुढे ठेवली.

कारण काय निघालं ते ऐका. पेट्रोल गाडीला ब्रेक हलका करायला लागणारी ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, इंजिनातून आयतीच मिळते. डिझेल इंजिन तशी ओढ तयार करत नाही, म्हणून त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. इंजिन बदललं तेव्हा गाडी जोरात पळणार म्हणून मिस्त्रींनी ब्रेकला बूस्टर जोडला होता आणि पंपापासून बूस्टरपर्यंत एक रबरी पाइप. मधे कधीतरी तो पाइप बदलला गेला, आणि बदलताना पाण्याचा साधा मऊ पाइप घातला गेला. साधा पाइप आतून दाब सहन करतो, ओढ नाही. त्यात पंपाकडून येणाऱ्या तेलाच्या वाफेने तो फुगला, मऊ झाला, आणि इंजिनाच्या उष्णतेत स्ट्रॉ चोखल्यावर चपटी होते तसा चपटा झाला. बूस्टरमध्ये उरलेल्या ओढीवर एक-दोनदा ब्रेक हलका लागला, मग संपलं.

कुणी घातला तो पाइप? आजही माहीत नाही. मिस्त्री म्हणाले मी नाही. ह्यांना आठवेना. ज्या दोन-तीन गॅरेजात गाडी मधल्या काळात गेली त्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. आणि तो पाइप तपासायचा असतो हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? मॅटाडोरच्या पुस्तकात तो नाही, कारण त्या गाडीला तो नव्हताच. इंजिनाच्या पुस्तकात पंप आहे, पण तो पुढे कुठल्या गाडीच्या कुठल्या बूस्टरला जातो हे त्या पुस्तकाने का सांगावं? तो पाइप कुणाचाच नव्हता.

मी तीसेक वर्षं शिकवलं. शाळेत बाईंच्या हातात टाचणवही नसेल तर साहेब तपासणीत लाल शेरा मारायचे. धड्याचं पुस्तक सरकार देतं, पण तो धडा ह्या वर्गाला, ह्या मुलांना कसा शिकवायचा हे टाचणात असतं, आणि ते ज्याचं त्यानेच लिहायचं असतं. अलिबागहून परत आल्यावर मी दोनशे पानी वही आणली आणि ह्यांना म्हटलं, आता तुम्ही सांगा, मी लिहिते.

हे म्हणाले, "सगळं डोक्यात आहे माझ्या."

मी म्हटलं, "पाइपही होता का?"

त्यानंतर आठ दिवस घरात शांतता होती! पण मग सुरू झालं. मिस्त्रींनाही जेवायला बोलावलं, पुरणपोळी खाऊ घातली आणि दुपारभर त्यांच्याकडून काढून घेतलं. बरं झालं, कारण पुढच्याच वर्षी ते गेले.

वहीत काय आहे? फक्त सांधे. जिथे एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीला भेटते तेवढंच. आंब्याचं कलम केलेलं कुणी पाहिलं असेल तर लगेच समजेल. रोप त्याच्या जागी ठीक असतं, वरची फांदीही ठीक असते, वाऱ्याने मोडतं ते बांधलेल्या जागी.

इंजिनाखालची फाउंडेशन, म्हणजे रबरी बैठका, इंजिनाच्या आहेत, पण त्यांना धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या मिस्त्रींनी वेल्डिंग करून केलेल्या. डिझेल इंजिन उभं असताना अंग झाडतं, आणि ते हिसके ह्या वेल्डिंगला बसतात. दर सहा महिन्यांनी कापडाने पुसून केसासारखी भेग दिसते का बघायचं. एकदा दिसली होती. इंजिन आणि गिअरबॉक्स ह्यांच्या मधे एक जाड पट्टी आहे, कारण दोघांच्या बोल्टची भोकं जुळत नव्हती. ती नीट मध्यावर बसली नाही तर क्लचप्लेट लवकर खाल्ली जाते. क्लचप्लेट कुठली लागते, तेही वहीत आहे, नाहीतर दुकानात "कुठली गाडी?" म्हटल्यावर काय सांगणार? रेडिएटर मूळ गाडीचा, पण आत एक थर वाढवून घेतलेला, कारण मोठं इंजिन जास्त तापतं. त्याचा वरचा पाइप ट्रॅक्सचा, एका टोकाने दोन इंच कापलेला. खालचा अॅम्बॅसेडरचा. हे लिहिलेलं नसतं तर कुठल्या शहाण्याच्या ध्यानात आलं असतं? मॅटाडोर पुढची चाकं ओढणारी गाडी. नव्या इंजिनाचा जोर जास्त, म्हणून अॅक्सलच्या सांध्यांवरचे रबरी बूट फाटलेले नाहीत ना हे पावसाळ्याआधी आणि नंतर बघायचं. लोणावळ्याचा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात, चिखल आत गेला की सांधा संपलाच.

पण मला सगळ्यात आवडतं ते पान तापमानाच्या काट्याचं. ते जरा सविस्तर सांगते, कारण ह्यात आमच्या घरचा टोपही खर्ची पडला आहे.

नवीन इंजिनाचा सेन्सर आणि डॅशबोर्डवरचं जुनं घड्याळ ही दोन वेगळ्या घरची माणसं. सेन्सर आपल्या भाषेत बोलतो, घड्याळ आपल्या भाषेत ऐकतं. त्यामुळे वर्षानुवर्षं आमचा काटा मधल्या रेघेच्या बराच पुढे असायचा, आणि हे म्हणायचे की ते तसंच आहे, काही होत नाही. पण "तसंच" म्हणजे किती? खरोखर इंजिन तापलं तर काटा कुठे जाणार, हे कुणाला माहीत होतं? शेवटी एका रविवारी सेन्सर काढला, लांब वायर जोडली, त्याचं पितळी अंग दुसऱ्या वायरने गाडीच्या पत्र्याला जोडलं, आणि गाडीशेजारीच स्टोव्हवर पाण्याचा टोप ठेवून त्यात सेन्सर बुडवला. हातात शाळेच्या प्रयोगशाळेसारखा थर्मामीटर. मी तापमान ओरडायची, पुतण्या काट्याची जागा सांगायचा, हे घड्याळाच्या काचेवर बारीक रंगाचे ठिपके द्यायचे. सत्तर, ऐंशी, नव्वद. पाणी अठ्ठ्याण्णवला उकळलं! पुतण्या म्हणाला थर्मामीटर बिघडलाय. मग मला वर्ग घ्यायची संधी मिळाली. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी थोडं आधी उकळतं. (ह्याच लोणावळ्यात नौदलाची आयएनएस शिवाजी आहे, तिथे नौदलाचे इंजिनिअर घडतात. आमची प्रयोगशाळा त्यांच्यापेक्षा थोडी लहान, इतकंच.) आता लाल ठिपक्याला काटा टेकला की गाडी थांबवायची. कुणाच्या आठवणीवर काही नाही.

आता ह्यावर लोक काय म्हणतात तेही सांगते, कारण एकदा एका जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात आम्हाला जवळजवळ दाराबाहेरच उभं केलं होतं. "ओरिजिनल नाही हो," एक गृहस्थ म्हणाले, सुनेच्या माहेराबद्दल बोलावं तशा आवाजात. सरकारचंही तेच म्हणणं. २०२१ साली केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसी, बॉडी, इंजिन ह्यांत मोठे फेरबदल नसलेली, तर तिला विंटेजचा वेगळा नंबर. म्हणजे आमची गाडी २०३४ साली पन्नाशीची झाली तरी तिला ते कुंकू लागणार नाही. मला त्याचं दुःख नाही. ज्या गाड्या मखरात बसतात त्यांना मूळ इंजिन शोभतं. आमची गाडी घाट चढते, पोळ्या करायला पीठ घेऊन जाते. तिने चालत राहावं ह्यासाठी तिच्यात जे केलं त्याची लाज कसली? मूळपणा ही गाडीची जन्मकुंडली झाली. मला तिचा आजचा ताप हवा आहे.

मात्र उलट बाजूलाही एक वाक्य. "जुगाड केलं की झालं" म्हणणाऱ्यांशी माझं त्याहून जास्त भांडण आहे. इंजिन बसवण्याचं कौतुक सगळे करतात, चार दिवसांचं काम, फोटो, पेढे. पण त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं ते सांभाळायचं असतं, आणि सांभाळणारा माणूस बसवणाऱ्याहून वेगळा असणार, हे कुणी लक्षात घेत नाही. बसवणाऱ्याने लिहून ठेवलं नाही तर त्याने निम्मंच काम केलं असं मी म्हणते. ह्यात आमचे हे आले, आणि पुरणपोळी खाऊन गेलेले मिस्त्रीही आले. देव त्यांचं भलं करो.

कागदपत्रांचंही तसंच. ह्यांनी १९९६ साली आरटीओत जाऊन नवीन इंजिनाचा नंबर आरसीवर चढवून घेतला होता, ते एक काम मात्र चोख. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची, आणि दर वेळी तो नंबर बघितला जातो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत ते कडकपणे वाचलं. तेव्हा आज नव्याने असं काही करायला निघाला असाल तर गॅरेजच्या आधी आरटीओत जा. आणि झालेली गाडी घेत असाल तर इंजिनावरचा नंबर बॅटरी लावून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

एका गोष्टीला माझ्याकडे उत्तर नाही, तेही कबूल करते. माझी नात म्हणते, "आजी, ही गाडी धूर सोडते." सोडते. पीयूसीत बसते, पण आजच्या गाड्यांसारखी ती स्वच्छ नाही आणि होणारही नाही. वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर चालते म्हणून मी मनाची समजूत घालते. नातीची समजूत पटलेली नाही, आणि तिला पटवायचा मी फार प्रयत्नही करत नाही.

ह्यांना आता पंच्याऐंशीवं चालू आहे. गाडी पुतण्या चालवतो. गेल्या दिवाळीत हे त्याला सांगत होते की रेडिएटरचा खालचा पाइप ट्रॅक्सचा आहे. मी काही बोलले नाही. पुतण्याने वही उघडली, "काका, अॅम्बॅसेडरचा," म्हणाला आणि दुकानात गेला. हे बराच वेळ अंगणात उभे होते. संध्याकाळी मला म्हणाले, "अजून काय काय लिहिलंयस, वाचून दाखव." तेव्हापासून रोज रात्री एक पान वाचते. मधेच थांबवून काहीतरी भर घालतात, कधी ते बरोबर असतं, कधी नसतं. मी वेगळ्या शाईने लिहून ठेवते.

तर तो मुलगा. काल त्याचा फोन आला. ज्यांनी ती गाडी केली ते मेकॅनिक कामशेतला आहेत, हयात आहेत आणि बोलके आहेत. हा शंभर पानी वही घेऊन त्यांच्याकडे तीन तास बसला. अडीच पानं भरली म्हणे. मी विचारलं, व्हॅक्यूमचा पाइप कुठला घातलाय? तो म्हणाला, तेच त्यांना आठवत नाहीये, रविवारी गाडीखाली घुसून बघणार आहेत.

हे शेजारी बसून ऐकत होते. म्हणाले, "त्याला सांग, आम्हीपण येतो."